सामुदायिक रेडिओ आणि खुली दूरचित्रवाहिनी चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केंद्र सुरू करायचंय म्हणून येणारे लोक आधी यंत्रांची यादी मागतात. सहा महिन्यांनी तेच लोक परत येतात आणि माणसांबद्दल विचारतात. म्हणून इथे दोन्ही प्रकारचे प्रश्न घेतले आहेत. माणसांबद्दलची उत्तरं लांब झाली आहेत, त्याला इलाज नाही.

सामुदायिक केंद्र म्हणजे छोटं खासगी केंद्रच ना?

नाही. खासगी केंद्राला जाहिरातदार हवा असतो आणि त्यासाठी श्रोता हवा असतो. सरकारी केंद्राला श्रोत्यापर्यंत काहीतरी पोचवायचं असतं. सामुदायिक केंद्रात श्रोताच उठून माइकसमोर येऊन बसतो. कार्यक्रम कोण ऐकतं यापेक्षा तो कोण करतं, यावर हा प्रकार ओळखायचा. मालकी ना-नफा संस्थेची असते, मर्यादा ठरावीक भूभागाची किंवा समूहाची असते आणि नफा झालाच तर तो केंद्रातच राहतो.

ही कल्पना आली कुठून?

एका ठिकाणाहून नाही. कोलंबियातल्या सुतातेन्सा गावात 1947 साली होसे होआकीन साल्सेदो या पाद्र्याने शेतकऱ्यांच्या साक्षरतेसाठी रेडिओ सुरू केला. 1949 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे लुईस हिल यांच्या पुढाकाराने केपीएफए केंद्र लागलं. श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारं केंद्र टिकू शकतं, हे त्याने दाखवून दिलं. दक्षिण आशियात काठमांडूचं रेडिओ सगरमाथा 1997 मध्ये आलं. भारतात पहिलं सामुदायिक केंद्र 2004 मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात सुरू झालं आणि 2008 मध्ये आताच्या तेलंगणातल्या माचनूरला दलित स्त्रियांनी चालवलेला संघम रेडिओ आला.

दूरचित्रवाणीची वाट वेगळी आहे. 1967 च्या सुमारास सोनीचा खांद्याला लावून नेता येणारा पोर्टापॅक व्हिडिओ संच आला आणि कॅमेरा स्टुडिओबाहेर पडला. त्याच वर्षी कॅनडाच्या फोगो बेटावर मच्छीमारांचं म्हणणं चित्रित करून त्यांनाच आणि सरकारलाही दाखवण्याचा प्रयोग झाला. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात 1971 मध्ये केबलवर लोकांसाठी खुल्या वाहिन्या, म्हणजे कोणालाही स्वतःचा कार्यक्रम दाखवता येईल अशा वाहिन्या, सुरू झाल्या. जर्मनीत लुडविग्सहाफेनला 1984 मध्ये पहिली 'ओफनर कनाल' आली, म्हणजे शब्दशः 'खुली वाहिनी'. हा शब्द मला इतका आवडला की या पानावर तोच वापरतोय. आपल्याकडे गुजरातच्या खेडा जिल्ह्यात 1975 पासून पीज गावच्या ट्रान्समीटरवरून इस्रो आणि दूरदर्शनने गावकऱ्यांना सोबत घेऊन कार्यक्रम केले, त्याची आठवण फारच कमी लोक ठेवतात.

रेडिओ आणि टीव्ही दोन्ही एकदम सुरू करावं का?

करू नका. एका तासाच्या रेडिओ कार्यक्रमाला दोन माणसं पुरतात. तासाभराच्या स्टुडिओतल्या टीव्ही कार्यक्रमाला कॅमेऱ्यावर दोघं, स्विचरवर (कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र जायचं ते निवडणाऱ्या यंत्रावर) एक, आवाजावर एक, शिवाय दिवे लावणारा आणि बोलणारे, एवढे हात लागतात. रेडिओवर वर्षभर ठरलेल्या वेळी ठरलेला कार्यक्रम लागला, तर टीव्हीकडे वळा. तोवर रेडिओच्या स्टुडिओत एक स्थिर कॅमेरा लावून चित्र इंटरनेटवर सोडलं तरी चालतं. मात्र त्याला टीव्ही म्हणू नका, नाहीतर लोक टीव्हीची अपेक्षा ठेवतात.

परवाना लागतोच का? शक्ती इतकी कमी आहे, कोणाच्या लक्षात येणार?

लागतो, आणि लक्षात येतं. एफएमचा पट्टा, म्हणजे बहुतेक देशांत 87.5 ते 108 मेगाहर्ट्झ, त्याच्या अगदी वर विमानांच्या दिशादर्शनाचा पट्टा सुरू होतो. बेशिस्त ट्रान्समीटरचा कचरा तिथे सांडला तर प्रकरण फक्त दंडावर मिटत नाही.

नियम देशागणिक बदलतात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निकाल दिला, आणि वाद होता क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा! त्यानंतर 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना आणि 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचं दार उघडलं. हे धोरण रेडिओपुरतं आहे. त्यात निदान निम्मा कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावा अशी अट आहे आणि स्वतःच्या बातम्या देण्यावर बंधन आहे. ब्रिटनमध्ये 2004 च्या आदेशाने सामुदायिक रेडिओ हा परवान्याचा स्वतंत्र वर्ग झाला. अमेरिकेत 2000 पासून कमी शक्तीच्या एफएमचा वर्ग आहे. टीव्हीसाठी तिथे 1984 च्या केबल कायद्याने स्थानिक प्रशासनाला केबल कंपनीकडे खुल्या वाहिन्या मागण्याचा अधिकार दिला, आणि कंपनीच्या उत्पन्नाच्या 5 टक्क्यांपर्यंत शुल्क घेण्याचाही.

अर्ज करण्याआधी एकच काम करा: संस्थेची नोंदणी, ताळेबंद आणि घटना नीट करून ठेवा. माझ्या पाहण्यात अर्ज रखडतात ते कागदांमुळे, तांत्रिक कारणाने क्वचितच.

100 वॉटचा ट्रान्समीटर किती लांब ऐकू येतो?

प्रश्न वॉटचा कमी आणि उंचीचा जास्त आहे. एफएम लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. अँटेना जमिनीपासून किती उंच आहे ते मीटरमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, 4.12 ने गुणा. आलेला आकडा म्हणजे किलोमीटरमध्ये रेडिओचं क्षितिज. 30 मीटरला ते सुमारे साडेबावीस किलोमीटर येतं. पण 100 वॉटचा आवाज तिथपर्यंत स्वच्छ टिकत नाही. अमेरिकेतल्या 100 वॉटच्या केंद्राचं अपेक्षित क्षेत्र, अँटेना भोवतालच्या सरासरी भूभागापेक्षा 30 मीटर उंच धरून, सुमारे 5.6 किलोमीटर त्रिज्येचं आहे. भारताचं धोरण 5 ते 10 किलोमीटर धरतं. मध्ये टेकडी असेल तर पलीकडे सगळं शांत.

शक्ती दुप्पट केली तर तीन डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम जाणवतात. तेवढ्याच श्रमात मनोरा उंच केला, नियम परवानगी देत असतील तर, फरक लगेच दिसतो. आणि केबलकडे बघा! पातळ केबल 20 मीटरमध्ये निम्मी शक्ती खाऊन टाकते. 100 वॉटचा ट्रान्समीटर घ्यायचा आणि 50 वॉट केबल तापवण्यात घालवायचे, हे मी स्वतः केलंय. जाड, चांगली केबल घ्या, लांबी कमी ठेवा.

परवान्यात आकडा बहुधा 'परिणामी प्रसारित शक्ती'चा असतो. म्हणजे ट्रान्समीटरची शक्ती, वजा केबलची गळती, अधिक अँटेनाची वाढ. ट्रान्समीटरवरच्या मीटरचा आकडा तो नव्हे.

आणखी एक गोष्ट, जी विक्रेते सांगत नाहीत. एफएममध्ये उंच पट्टीचे आवाज पाठवण्याआधी मुद्दाम उचलले जातात आणि रेडिओ संच ते परत खाली आणतो. बहुतेक देशांत याचं माप 50 मायक्रोसेकंद आहे, अमेरिका खंडात 75. ट्रान्समीटर तिकडून मागवला आणि हे माप बदललं नाही, तर प्रत्येक 'स' आणि 'श' कानात टोचतो. श्रोते 'तुमचा आवाज कर्कश आहे' म्हणतात, आपण निवेदिकेला दोष देतो. बिचारीचा काही दोष नसतो.

अँटेनाबद्दल आणखी काय सांभाळायचं?

अँटेना जोडल्याशिवाय ट्रान्समीटर चालू करू नका, चाचणीसाठीसुद्धा नाही. शक्तीला जायला वाट नसली की ती उलटी फिरते आणि ट्रान्समीटरचा शेवटचा टप्पा जाळते. परावर्तित, म्हणजे उलट्या फिरलेल्या, शक्तीचा आकडा रोज लॉगमध्ये (रोजच्या नोंदवहीत) लिहा. हळूहळू वाढायला लागला तर कुठल्यातरी जोडात पाणी शिरलंय. तडितरोधक (पडणाऱ्या विजेपासून वाचवणारं साधन) आणि अर्थिंगवर काटकसर करू नका. आणि मनोऱ्यावर चढण्याचं काम उत्साही स्वयंसेवकाला कधीही देऊ नका, दोर आणि पट्टा वापरणारा माणूस बोलवा.

स्टुडिओसाठी कशी खोली हवी?

रस्त्यापासून दूर, छोटी पण चौकोनी नसलेली. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये आवाज टाळ्या वाजवतो. आत जाऊन एक टाळी वाजवा, झणझण ऐकू आली तर भिंतींना जाड कापड, पुस्तकांची कपाटं, गाद्या, काहीही लावा. अंड्यांचे ट्रे लावू नका. ते दिसायला स्टुडिओसारखे दिसतात, पण आवाज जवळजवळ शोषत नाहीत आणि पेटतात मात्र पटकन. पंखा आणि वातानुकूलन माइकच्या मागच्या बाजूला येईल असं बघा. दार जड हवं. दाराखालची फट बुजवा, अर्धा आवाज तिथूनच येतो.

सगळ्यात आधी काय विकत घ्यायचं?

दोन बरे डायनॅमिक माइक, त्यांचे स्टँड, चार चॅनलचा मिक्सर, चार बंद हेडफोन, एक संगणक आणि एक यूपीएस. कंडेन्सर माइक आवाज अधिक बारीक पकडतो, म्हणूनच कच्च्या खोलीत तो नको. शेजारच्या कुत्र्याचं भुंकणंही तो प्रेमाने टिपतो. रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी, कार्यक्रम आपोआप लावण्यासाठी लिब्रेटाइम किंवा रिव्हेंडेल, थेट चित्रप्रसारणासाठी ओबीएस, हे सगळं मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. या बाबतीत पैसे खर्चण्याची घाई नको.

माइकपासून एक मूठ अंतर, तोंड थोडं तिरकं. हे प्रत्येक नव्या माणसाला प्रत्येक वेळी सांगावं लागतं. सांगत राहायचं.

टीव्हीसाठी महागडा कॅमेरा लागेल का?

नाही. आधी आवाज, मग उजेड, कॅमेरा सर्वांत शेवटी. चित्र जरा धूसर असलं तरी माणूस बघत राहतो. आवाज घुमला किंवा तुटला की लगेच वाहिनी बदलतो. कॉलरला लावायचा माइक आणि तीन दिवे (समोरून एक, बाजूने मंद एक, मागून खांद्यावर एक) एवढं केलं तर साधा कॅमेराही शहाणा वाटतो. खिडकीला पाठ करून पाहुण्याला बसवू नका.

साठवणुकीचा हिशेब आधी करा. सेकंदाला 50 मेगाबिटने चित्रित केलं तर एका तासाला साडेबावीस जीबी जातात. डिस्क भरते ती नेमकी मुलाखतीच्या मधेच भरते.

कोणालाही माइक द्यायचा का? खरंच कोणालाही?

खुल्या वाहिनीचा जीव याच प्रश्नात आहे, म्हणून जरा थांबतो.

जर्मन खुल्या वाहिन्यांनी यावर सोपा तोडगा काढला: रांग. जो आधी आला त्याला आधी वेळ, मजकुराची जबाबदारी करणाऱ्याची, केंद्र निवड करणार नाही. अमेरिकेतल्या खुल्या केबल वाहिन्याही बहुतांशी याच तत्त्वावर चालल्या. रांगेचा मोठा गुण असा, की तुमच्यावर पक्षपाताचा आरोप होत नाही. दोष असा, की वेळापत्रक म्हणजे धर्मशाळा होते. सकाळी सातला कवितावाचन, साडेसातला जमिनीच्या वादाची कैफियत, आठला कोणाच्यातरी मुलाचा गिटार. श्रोत्याला काही सवयच लागत नाही, आणि सवय लागली नाही तर रेडिओ नाहीच.

दुसऱ्या टोकाला केंद्राची एक निवडसमिती असते. ती चांगले कार्यक्रम निवडते. तीन वर्षांत समितीचे मित्रच कार्यक्रम करतात, आणि ज्याच्यासाठी केंद्र काढलं तो माणूस फाटकाबाहेर उभा राहतो. हे कोणी मुद्दाम करत नाही. चांगल्या आवाजाचं, शुद्ध भाषेचं, वेळेवर येणारं माणूस निवडणं इतकं स्वाभाविक असतं, की आपण काय गाळतोय ते दिसत नाही.

माझं मत ठाम आहे: दार उघडं ठेवा आणि घड्याळ कडक ठेवा. मजकुरावर निवड नको, पण वेळ, प्रशिक्षण आणि हजेरी यांवर जराही सूट नको. व्यवहारात ते असं चालतं. ज्याला यायचंय त्याने आधी चार तासांचं प्रशिक्षण घ्यायचं: माइक, फेडर (आवाज कमी-जास्त करायची मिक्सरवरची सरकपट्टी), हेडफोन, लॉग, कायद्याच्या चार गोष्टी. मग कोणाच्यातरी चालू कार्यक्रमात तीनदा बसायचं. मग स्वतःचा तेरा आठवड्यांचा स्लॉट, एकाच वारी, एकाच वेळी. न कळवता दोनदा गैरहजर राहिला तर स्लॉट गेला, तो कितीही मोठा माणूस असो. तेरा आठवडे झाले की पुन्हा अर्ज. नव्या अर्जदारांसाठी संध्याकाळच्या चांगल्या वेळेतला काही भाग राखीव, नाहीतर जुने लोक तिथून हलत नाहीत.

तेरा आठवडे का? म्हणजे वर्षाचे चार सरळ भाग होतात. शिवाय तेवढ्या काळात एखाद्याला कळतं की आपल्याकडे तेरा तास बोलण्यासारखं आहे की तीनच. बहुतेकांकडे तीनच असतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, तीन तास करून मोकळं व्हावं.

कोणी आक्षेपार्ह बोललं तर?

आधी लेखी नियम हवेत. भांडणानंतर केलेला नियम कोणी मानत नाही. बदनामी, द्वेष पसरवणं, हिंसेला चिथावणी, मुलांची ओळख उघड करणं आणि तुमच्या देशात जे बेकायदा आहे ते, एवढ्यापुरता हात घाला. 'मला पटत नाही', 'वाईट गातो', 'आमच्या देणगीदाराला लागेल' ही कारणं यादीत नकोत.

थेट फोन घेत असाल तर सात-आठ सेकंदांचा विलंब ठेवा, आणि बटण दाबायला माणूस. निर्णय एकट्या व्यवस्थापकाने घेऊ नये, तिघांची तक्रार समिती असावी, आणि ज्या व्यक्तीवर बंदी आली तिला आपलं म्हणणं मांडू द्यावं. मॅनहॅटनच्या एका खुल्या वाहिनीने दोन निर्मात्यांना बाहेर काढलं, तो वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2019 मध्ये न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं, की वाहिनी चालवणारी खासगी ना-नफा संस्था म्हणजे सरकार नव्हे, त्यामुळे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं घटनात्मक बंधन तिच्यावर तसं लागू होत नाही. कायद्याने केंद्र सुटलं. पण ज्या केंद्राचं नावच खुलं आहे त्याला हा विजय कितपत शोभतो, यावर माझं आणि माझ्या सहकाऱ्यांचं अजून एकमत नाही.

राजकीय पक्षाच्या माणसाला स्लॉट द्यावा का?

नागरिक म्हणून येत असेल तर इतरांसारखा द्यावा. उमेदवार झाल्या दिवसापासून स्लॉट थांबवावा, निवडणूक संपली की परत. काही देशांत राजकीय मजकुरावरच बंदी असते, तिथे प्रश्नच नाही. आणि केंद्राच्या कार्यकारिणीवर पक्षाचा पदाधिकारी नको म्हणजे नको.

गाणी लावायला परवानगी लागते?

लागते, आणि बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा जास्त ठिकाणांहून. गाण्याला दोन हक्क असतात: शब्द आणि चाल यांचा एक, आणि ते ध्वनिमुद्रण ज्याने केलं त्याचा दुसरा. 'सीडी मी विकत घेतली' याचा प्रसारणाशी संबंध नाही. 'फक्त तीस सेकंद लावलं तर चालतं' ही अफवा आहे, असा सर्वसाधारण नियम कुठेही नाही. इंटरनेटवर सोडायचं असेल तर बहुधा वेगळी परवानगी, आणि कार्यक्रम नंतर ऐकण्यासाठी ठेवायचा असेल तर आणखी वेगळी. टीव्हीवर चित्राखाली गाणं जोडणं हा तिसराच हक्क.

यातून सुटण्याचा चांगला मार्ग: तुमच्या भागातल्या गायकांना बोलवून स्वतः ध्वनिमुद्रण करा आणि साध्या भाषेत एका कागदावर सही घ्या, कुठे, किती काळ, किती वेळा वाजवणार. पारंपरिक ओव्या, पदं, लोकगीतं यांच्या शब्दांवर बहुधा कोणाचा हक्क नसतो, पण गाणारीच्या ध्वनिमुद्रणावर असतो. सही घ्यायला विसरू नका.

दिवसाचं वेळापत्रक कसं भरायचं?

भरू नका. सकाळचे दोन तास आणि संध्याकाळचे तीन तास नीट करा, बाकी वेळी त्यांचंच पुनःप्रसारण लावा. चोवीस तासांचा हव्यास नव्या केंद्राला मारतो.

कार्यक्रमांचा क्रम ऐकणाऱ्याच्या दिवसावरून ठरवा. कामाला निघतानाची वेळ, स्वयंपाकाची वेळ, शाळा सुटायची वेळ. एका कार्यक्रमाचा श्रोता पुढच्याला टिकेल असा शेजार बघा. तासाच्या ठोक्याला केंद्राचं नाव आणि वेळ सांगा. छोटी गोष्ट आहे, पण लोक आपल्या केंद्रावर घड्याळ लावायला लागले की केंद्र रुजलं.

अचानक आवाज बंद पडला तर?

तीस सेकंद शांतता म्हणजे श्रोत्याच्या हिशेबाने केंद्र बंद. शांतता ओळखणारं साधन लावा. वीस सेकंद आवाज आला नाही की ते आपोआप राखीव कार्यक्रम सुरू करतं आणि फोनवर संदेश पाठवतं. राखीव कार्यक्रम दर महिन्याला बदला. आमच्याकडे एकदा ऐन थंडीत पावसाळ्यापूर्वीच्या तयारीचा जुना कार्यक्रम तीन वेळा लागला. तारीख सांगणारा मजकूर राखीवमध्ये ठेवायचा नाही, हे त्या दिवशी शिकलो.

उलट संकटही असतं: माइक बंद करायचं विसरणं. गाणं चालू आहे म्हणून निवेदक आणि पाहुणा घरच्या गोष्टी बोलत बसले, आणि फेडर वरच. लाल दिवा फेडरला जोडा, भिंतीवरच्या बटणाला नको. आणि नियम एकच: स्टुडिओतला प्रत्येक माइक चालूच आहे असं समजून बोला.

स्वयंसेवक येतात आणि निघून जातात. काय करावं?

जाणारच. विद्यार्थ्यांची परीक्षा येते, नोकरी लागते, बाळ होतं. गळती थांबवण्याच्या मागे लागू नका, आवक चालू ठेवा: वर्षातून चार प्रशिक्षणं, माणूस एकच आला तरी. खरा धोका वेगळा आहे. ट्रान्समीटरचा पासवर्ड, परवान्याच्या तारखा आणि किल्ल्या एकाच माणसाकडे असतात आणि तो माणूस रुसतो. प्रत्येक कामाला दुसरा माणूस तयार ठेवा आणि सगळं एका वहीत लिहा. होय, कागदाच्या वहीत. वीज गेल्यावर तीच उघडते.

निदान एक माणूस पगारी हवा. सगळेच स्वयंसेवक असलेलं केंद्र उत्साहावर दोन वर्षं चालतं, नंतर स्वच्छतागृह कोणी धुवायचं यावरून फुटतं.

पैसे कुठून येतात?

वर्गणी, अनुदान, प्रायोजकत्व, थोड्या जाहिराती (जिथे चालतात तिथे. भारतात 2006 च्या धोरणात तासाला 5 मिनिटं होती, पुढे ती वाढवली), स्टुडिओ भाड्याने देणं, प्रशिक्षणाचं शुल्क. यांपैकी कुठलाही एक स्रोत एकूण खर्चाच्या निम्म्यावर जाऊ देऊ नका. मोठं अनुदान आलं की माणसं वाढतात, तीन वर्षांनी ते थांबलं की केंद्रही थांबतं. अनुदानातून यंत्रं घ्या, वीजबिल आणि पगार वर्गणीतून काढा. वर्गणी मागायला लाजू नका. केपीएफएने ती रेडिओवरूनच मागितली.

खर्चाच्या यादीत लोक नेहमी विसरतात ते: वीज, परवाना आणि संगीतहक्कांचं वार्षिक शुल्क, विमा, मनोऱ्याची तपासणी, बॅटऱ्या बदलणं.

किती लोक ऐकतात हे कसं कळणार?

नीट कळत नाही. फोन करणारे तेच ते असतात. इंटरनेटवरचे आकडे दिसतात, पण ते लहरींवरच्या श्रोत्यांबद्दल काही सांगत नाहीत. वर्षातून एकदा स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन पाच प्रश्न विचारावेत. त्यातला 'काल काय ऐकलं?' हा प्रश्न 'आमचं केंद्र आवडतं का?' यापेक्षा दहापट उपयोगी आहे. आवडतं का विचारलं की सगळे हो म्हणतात.

इंटरनेट असताना मनोऱ्याची कटकट कशाला?

लहरींवर हजारावा श्रोता फुकट असतो. इंटरनेटवर प्रत्येक श्रोत्याला वेगळा प्रवाह जातो: 64 किलोबिटने शंभर श्रोते म्हणजे सेकंदाला 6.4 मेगाबिट. शिवाय ऐकणाऱ्याचा डेटा जातो, आणि आवाज वीस-तीस सेकंद मागे असतो, त्यामुळे तासाचा ठोका चुकतो.

तरीही परवाना मिळेपर्यंत इंटरनेट किंवा केबल वापरायला हरकत नाही. कर्नाटकात बुदीकोटे इथल्या 'नम्म ध्वनी'ने परवान्याची वाट न बघता 2003 मध्ये आवाज केबलवरून घरोघर पोचवला. तेवढंही नसेल तर रेकॉर्डिंग घेऊन बैठकीत बसा, ऐकवा, चर्चा करा. काही फार चांगली केंद्रं अशीच सुरू झाली.

आपत्तीच्या वेळी आमचं काम काय?

मोबाइलचे मनोरे बंद पडतात तेव्हा बॅटरीवरचा रेडिओ चालतो. 1995 मध्ये कोबे शहरात भूकंप झाला, तेव्हा जपानी न समजणाऱ्या रहिवाशांसाठी शेजाऱ्यांनी त्यांच्या भाषांत छोटं प्रसारण सुरू केलं. त्यातूनच पुढे 'एफएम वायवाय' हे बहुभाषी सामुदायिक केंद्र उभं राहिलं. तयारी आधीच करा: ट्रान्समीटरपुरता जनरेटर, दोन दिवसांचं इंधन, स्टुडिओ कोसळला तर मनोऱ्याच्या पायथ्यापासून बोलता येईल अशी पेटी (एक माइक, छोटा मिक्सर, एक केबल), आणि अधिकाऱ्यांचे क्रमांक त्या कागदी वहीत. प्रत्येक माहितीसोबत ती कोणी दिली आणि किती वाजता, हे सांगा. 'असं ऐकलंय' हे शब्द त्या काळात केंद्रावर बंद.

रेकॉर्डिंग किती दिवस ठेवायचं?

परवान्यात असेल तितके दिवस. ब्रिटनमध्ये 42 दिवस, भारतात तीन महिने. एवढ्याला फार जागाही लागत नाही: 32 किलोबिटने अखंड ध्वनिमुद्रण केलं तर दिवसाला सुमारे 350 एमबी, तीन महिन्यांचे 31 जीबी. एका पेनड्राइव्हवर मावेल. मात्र रेकॉर्डिंग मिक्सरमधून घेऊ नका, साध्या रेडिओ संचावरून घ्या. तक्रार येते ती हवेत गेलेल्या आवाजाबद्दल, आणि मिक्सरमध्ये सगळं ठीक असताना हवेत भलतंच गेलेलं असू शकतं.

जपणूक हा वेगळा विषय आहे. म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती, गाणी, सभा यांची मूळ फाइल न दाबता दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि फाइलच्या नावात तारीख, बोलणाऱ्याचं नाव, गाव लिहा. 'अंतिम_नवीन_2' अशा नावाच्या शेकडो फाइली एका केंद्रातून आम्हाला मिळाल्या. त्यातला एक आवाज कोणाचा होता ते सांगणारं तिथे आता कोणी उरलेलं नाही.

केंद्र बंद करायची वेळ आली तर?

श्रोत्यांना महिनाभर आधी हवेवरून सांगा. परवाना रीतसर परत करा, नुसता ट्रान्समीटर बंद करून निघून गेलात तर शुल्क चढत राहतं. यंत्रं दुसऱ्या सामुदायिक केंद्राला द्या, आणि सहीचे कागद संग्रहाच्या सोबतच जाऊ द्या. कागदांशिवाय तो संग्रह कोणालाच वाजवता येणार नाही.